शेवटची टाळी

(आवडता खेळाडू खेळणे थांबवतो, तेव्हा त्याच्या चाहत्याच्या मनाची काय अवस्था होते? निरोपाच्या वेळी चाहत्याने काय करावे? प्रसिद्ध पहिलवान दारासिंग यांच्या निवृत्तीच्या निमित्ताने लेखकाने आपल्या मामूंची आठवण या पाठात सांगितली आहे.)

विद्यार्थिमित्रांनो, तुमचा एखादा आवडता खेळाडू असेलच. कोणाला क्रिकेटपटू आवडतो, कोणाला टीव्हीवरचा पहिलवान आवडतो. त्याचे चित्र तुम्ही वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवले असेल. तो जिंकला, की तुम्हांला आपणच जिंकल्यासारखे वाटते. तो हरला, की तुमच्या घशाखाली घास उतरत नाही. पण एक दिवस बातमी येते, 'आता तो खेळणार नाही. तो निवृत्त होत आहे.' त्या दिवशी तुम्ही काय कराल?

माझ्या मामूंवर असा दिवस आला होता. त्या दिवशी त्यांच्या हातून एक चूक झाली. ती चूक त्यांना 29 वर्षे सलत राहिली. तीच हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे.

मामू मूळचे पालघरचे. आज पालघर हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. मामूंच्या तरुणपणी मात्र पालघर हे ठाणे जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते. स्टेशनजवळ आमच्या नानांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. मामू तिथेच काम करत. पंक्चर काढून मिळालेले पैसे ते एका डब्यात साठवत. डबा भरला, की मामू मुंबईला जात. कशासाठी? दारासिंगांची कुस्ती पाहण्यासाठी!

तुम्ही उर्दू शाळेत शिकता. म्हणून कुस्तीविषयीचे काही मराठी शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतील. 'कुस्ती' आणि 'पहिलवान' हे शब्द मराठीत फारसीतून आले. उर्दूतला 'उस्ताद' मराठीत 'वस्ताद' झाला. काही शब्दांची मात्र गंमत आहे. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे व्यायामाची आणि कुस्ती शिकण्याची जागा. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत मात्र 'प्रयत्नांची शिकस्त करणे' म्हणजे होतील तेवढे सगळे प्रयत्न करणे. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत लाल मातीतल्या कुस्त्या होतात. मामू पाहायला जात त्या कुस्त्या वेगळ्या. त्यांना लोक 'फ्रीस्टाइल' म्हणत. चौफेर दोर लावलेली उंच रिंग, वर लखलखणारे दिवे आणि भोवती तिकीट काढून बसलेले हजारो लोक. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये अशा कुस्त्या होत. पालघरपासून मुंबई सुमारे 90 किलोमीटर. त्या काळी विरारच्या पुढे लोकल नव्हती. ती 2013 साली डहाणूपर्यंत आली. मामू पॅसेंजर गाडीने विरारला जात, तिथे लोकल पकडत आणि महालक्ष्मी स्टेशनला उतरून चालत जात. कुस्त्या संपायला रात्र होई. परतीची गाडी चुके. मग मामू प्लॅटफॉर्मवर वर्तमानपत्र पसरून झोपत आणि सकाळी येऊन नानांची बोलणी खात.

दारासिंग यांचा जन्म 19 नोव्हेंबर 1928 रोजी पंजाबमधील धर्मूचक या गावी झाला. ते शेतकऱ्याचे पुत्र. तरुणपणी ते पोटासाठी सिंगापूरला गेले. तिथे एका कारखान्यात काम करता करता त्यांनी कुस्तीचे धडे घेतले. 1954 साली त्यांनी 'रुस्तुम-ए-हिंद' हा किताब जिंकला. रुस्तुम कोण, हे तुम्हांला सांगायला नको. फिरदौसीच्या 'शाहनाम्या'तला तो महावीर! 1959 साली कोलकात्यात त्यांनी कॅनडाच्या जॉर्ज गोर्डिएन्को याला हरवून राष्ट्रकुल विजेतेपद मिळवले. 29 मे 1968 रोजी मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझ या नामांकित पहिलवानाला हरवले आणि ते जगज्जेते ठरले. हंगेरीत जन्मलेला 'किंगकाँग' नावाचा पहिलवान तर अजस्र होता. त्याचे वजन 200 किलोच्या घरात सांगत. त्याच्याशी दारासिंगांच्या झालेल्या लढती लोक वर्षानुवर्षे विसरले नाहीत. त्या पाहून आल्यावर मामू दुकानातल्या सायकलीलाच दोन्ही हातांनी डोक्यावर उचलत आणि म्हणत, "दाराने किंगकाँगला असा उचलला!"

गावातले काही लोक मामूंची थट्टा करत. ते म्हणत, "अरे, या फ्रीस्टाइल कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो. तू उगाच पैसे घालवतोस." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. अशा कुस्त्यांत खेळ असतो, तसा तमाशाही असतो. मामूंनाही ते ठाऊक होते. ते शांतपणे म्हणत, "निकाल कोणीही ठरवो. पण एवढा मोठा माणूस डोक्यावर उचलायचा आणि स्वतः पाठीवर आपटून पुन्हा उठायचे, यासाठी पहाटे उठून घाम गाळावा लागतो. ती मेहनत कोण ठरवून देतो?"

पुढे मामूंचे लग्न झाले. बोईसरजवळ तारापूर येथे 1969 साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्या परिसरात औद्योगिक वसाहतही उभी राहिली. गावोगावची माणसे कामासाठी बोईसरला येऊ लागली. मामूंनाही तिथे कापडाच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. पालघरची बैठक मोडून ते बोईसरला राहायला गेले. सामान थोडेच होते. पण दारासिंगांच्या फोटोंची आणि बातम्यांच्या कात्रणांची एक पत्र्याची पेटी त्यांनी स्वतः डोक्यावरून नेली. मुमानी हसून म्हणाल्या, "माझ्या दागिन्यांना नाही एवढी या पेटीची काळजी!"

आता मी त्या दिवसाकडे येतो. 1983 सालचा जून महिना होता. मी तेव्हा सातवीत होतो आणि सुट्टीत बोईसरला मामूंकडे राहिलो होतो. एका संध्याकाळी मामू कारखान्यातून उर्दू वर्तमानपत्र घेऊन आले. दिल्लीत कुस्तीचे मोठे सामने होणार होते. त्यात दारासिंग शेवटचे लढणार होते. दारासिंग तेव्हा 54 वर्षांचे होते.

मामूंनी ती बातमी दोनदा वाचली. मग ते म्हणाले, "मी दिल्लीला जाणार." त्यांनी रजा मंजूर करून घेतली. कारखान्यातल्या मित्रांनी थोडे थोडे पैसे जमवून दिले. रेल्वेचे तिकीट आले. मुमानींनी प्रवासासाठी रोट्या बांधायची तयारी केली. मी तर मामूंना दारासिंगांची सही आणायला सांगितली आणि त्यासाठी माझी कोरी वहीसुद्धा दिली.

निघायच्या आदल्या रात्री मामू खाटेवर बराच वेळ बसून राहिले. बाहेर पहिला पाऊस पडत होता. एकाएकी ते म्हणाले, "मी जाणार नाही."

"का, मामू?" मी विचारले.

"बेटा, ज्या माणसाला मी नेहमी रिंगमध्ये चढताना पाहिले, त्याला शेवटचे उतरताना मी पाहू शकणार नाही. मला ते बघवणार नाही."

मुमानींनी समजावले. मित्रांनी समजावले. पण मामूंनी ऐकले नाही. तिकीट परत गेले. माझी वही कोरीच राहिली.

दिल्लीत सामने झाले. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते दारासिंगांना करंडक मिळाला आणि त्यांनी कुस्तीचा निरोप घेतला. त्याच महिन्याच्या 25 तारखेला कपिल देव यांच्या संघाने इंग्लंडमध्ये क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. बोईसरच्या गल्ल्यांत रात्री फटाके वाजले. आम्ही मुले नाचलो. मामू मात्र त्या महिन्यात गप्प गप्पच होते. त्यांनी भिंतीवरचा दारासिंगांचा फोटो काढला, कात्रणांच्या पेटीत ठेवला आणि पेटी माळ्यावर टाकली.

साडेतीन वर्षे ती पेटी कोणी उघडली नाही. मग 25 जानेवारी 1987 रोजी दूरदर्शनवर 'रामायण' ही मालिका सुरू झाली. दर रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. पुढे मालिकेत हनुमान आले. ते काम कोणी केले होते? दारासिंग यांनी! मामूंच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंनी खिडकीतून हाक मारली, "मामू, लवकर या! तुमचा दारा आला!" मामू तसेच अनवाणी धावले. तेव्हापासून रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या घरात पुढची जागा मामूंसाठी राखून ठेवलेली असे. पहिल्या दिवशी घरी परतल्यावर त्यांनी माळ्यावरची पेटी खाली काढली. ते म्हणाले, "मला वाटले होते, दारा गेला. तो फक्त रिंगमधून उतरला होता."

तरीही त्यांच्या मनात एक सल होता. तो मला पुढे कळला.

2000 साली मामू स्वतः निवृत्त झाले. कारखान्यातला तो त्यांचा शेवटचा दिवस होता. मी त्यांना आणायला गेलो होतो. पाळी संपल्याचा भोंगा झाला. खात्यातले कामगार फाटकाशी जमले. त्यांनी मामूंना हार घातला, नारळ दिला आणि टाळ्या वाजवल्या. मामू हसत होते. पण त्यांचे डोळे गर्दीत कोणाला तरी शोधत होते. ज्या तरुण मुलाला त्यांनी हात धरून यंत्र चालवायला शिकवले होते, तो आलाच नव्हता. दोन दिवसांनी तो घरी आला. मान खाली घालून म्हणाला, "मामू, माफ करा. तुम्हांला फाटकातून जाताना मला बघवले नसते."

मामू काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मुमानींना चहा ठेवायला सांगितले. तो गेल्यावर मात्र ते मला म्हणाले, "ऐकलेस? हेच शब्द मी दिल्लीच्या वेळी बोललो होतो. त्या मुलाचे माझ्यावर प्रेम आहे. पण त्या दिवशी त्याने माझा विचार केला नाही. स्वतःच्या दुःखाचाच केला. मीही तेच केले."

मी म्हणालो, "मामू, दिल्लीत तर हजारो लोक असतील. तुम्ही नव्हता, हे दारासिंगांना कळलेही नसेल."

"त्यांना नसेल कळले, बेटा. मला तर माहीत आहे ना? त्या माणसाने आयुष्यभर प्रयत्नांची शिकस्त केली. मी त्याच्या प्रत्येक विजयाला टाळ्या वाजवल्या आणि निरोपाला घरी बसलो."

12 जुलै 2012 रोजी सकाळी टीव्हीवर बातमी आली. दारासिंग यांचे मुंबईत, जुहू येथील राहत्या घरी निधन झाले होते. मामू तेव्हा 72 वर्षांचे होते. गुडघे दुखत होते. त्यांनी मला फोन केला आणि एवढेच म्हणाले, "चल. या वेळी मी तिकीट परत करणार नाही."

आम्ही बोईसरहून गाडी पकडली, विरारला बदलली आणि विलेपार्ले स्टेशनला उतरलो. अंत्यसंस्कार त्याच दिवशी होणार होते. खूप गर्दी होती. आम्हांला जवळ जाता आले नाही. मामू माझा खांदा धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. समोरून फुलांनी सजवलेली गाडी आली. लोक हात जोडत होते. कोणी रडत होते. मामूंनी माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि टाळी वाजवली. एक, दोन, तीन. शेजारचे लोक चमकून त्यांच्याकडे पाहू लागले. मी गोंधळलो.

गाडी पुढे गेल्यावर मामूंनी पुन्हा माझा खांदा धरला. ते म्हणाले, "दिल्लीची राहिली होती."

मुलांनो, 13 डिसेंबर 2025 रोजी जॉन सीना या अमेरिकन पहिलवानाने आपली शेवटची कुस्ती खेळली. ती तो हरला. तुमच्यापैकी कित्येकांनी ती पाहिली असेल. कोणाच्या डोळ्यांत पाणीही आले असेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्याने आपल्याला आनंद दिला, तो जाताना वाईट वाटणारच. उद्या तुमच्या आवडत्या खेळाडूचाही शेवटचा सामना येईल. शाळेतून एखादे आवडते शिक्षक निवृत्त होतील. शेजारच्या कारखान्यातून, बसमधून, दवाखान्यातून कोणीतरी शेवटचे घरी जाईल. त्या दिवशी 'मला बघवणार नाही' असे म्हणून घरी बसू नका. डोळे भरले तरी जा. उभे राहा आणि टाळी वाजवा.

शब्दार्थ

निवृत्त होणे – काम किंवा खेळ कायमचा थांबवणे
चाहता – आवड असणारा, प्रेम करणारा
हकीकत – घडलेली गोष्ट
अजस्र – फार मोठा
किताब – पदवी, बहुमान (उर्दूतील 'खिताब')
कात्रण – वर्तमानपत्रातून कापलेला कागद
करंडक – विजेत्याला मिळणारे मानाचे पात्र
पाळी – कारखान्यातील कामाची ठरलेली वेळ
माळा – घरात छताखाली सामान ठेवण्याची जागा
ओस पडणे – रिकामे होणे
सल – मनात टोचत राहणारे दुःख

वाक्प्रचार

घशाखाली घास न उतरणे – दुःखामुळे जेवण न जाणे
बोलणी खाणे – रागाचे शब्द ऐकून घ्यावे लागणे
घाम गाळणे – खूप कष्ट करणे
प्रयत्नांची शिकस्त करणे – होतील तेवढे सगळे प्रयत्न करणे

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामू मुंबईला जाण्यासाठी पैसे कसे साठवत?
(आ) दारासिंग यांनी 'रुस्तुम-ए-हिंद' हा किताब कोणत्या साली जिंकला?
(इ) लेखकाने मामूंजवळ कोरी वही का दिली?
(ई) 'रामायण' मालिकेत दारासिंग यांनी कोणाचे काम केले?

प्र. 2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मातीतली कुस्ती आणि फ्रीस्टाइल कुस्ती यांत कोणता फरक आहे?
(आ) कुस्तीचा निकाल ठरलेला असतो, असे म्हणणाऱ्यांना मामू काय उत्तर देत?
(इ) मामू दिल्लीला का गेले नाहीत?
(ई) कारखान्यातला तरुण भेटून गेल्यावर मामूंना काय उमगले?

प्र. 3. कोण, कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) "मामू, लवकर या! तुमचा दारा आला!"
(आ) "तुम्हांला फाटकातून जाताना मला बघवले नसते."
(इ) "दिल्लीची राहिली होती."

प्र. 4. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(पेटी, भोंगा, अनवाणी, तालीम)
(अ) मामू तसेच ........ धावले.
(आ) पाळी संपल्याचा ........ झाला.
(इ) मामूंनी कात्रणांची ........ डोक्यावरून नेली.
(ई) मराठीत ........ म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा.

प्र. 5. विरुद्धार्थी शब्द लिहा.
विजय, सुरू, जवळ, खोटे, चढणे

प्र. 6. पुढील वाक्ये भविष्यकाळात लिहा.
(अ) मामू प्लॅटफॉर्मवर झोपत.
(आ) आम्ही मुले नाचलो.
(इ) मामूंनी टाळी वाजवली.

प्र. 7. विचार करा आणि लिहा.
'मामूंची टाळी दारासिंगांना ऐकू गेली नाही. मग ती वाजवण्याचा उपयोग काय?' तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.

उपक्रम

(1) 'खुलासा' आणि 'राजीनामा' या शब्दांचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ वेगवेगळे आहेत. ते शोधून वहीत लिहा. असे आणखी तीन शब्द शोधा.
(2) तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या निवृत्त व्यक्तीला भेटा. तिच्या कामाच्या शेवटच्या दिवसाची आठवण विचारा आणि ती मराठीत दहा ओळींत लिहा.